नोकरी चालू ठेवून घरं घ्यावीत की नोकरी सोडून पूर्णवेळ त्यातच उतरावं?

दुसरी_चावी
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. वय ३९, नोकरीला १५ वर्षं झाली. दोन घरं भाड्याने दिलेली आहेत. पहिल्याचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं, दुसऱ्याचे २० वर्षांपैकी ५ वर्षांचे हप्ते भरून झालेत, व्याजदर ९ टक्के. तिसरं घर बघून ठेवलंय, मालक थांबायला तयार आहे पण किती दिवस ते माहीत नाही.

आकडे सांगते म्हणजे नीट बोलता येईल. माझा हातात येणारा पगार १०० धरा. दोन्ही घरांचं भाडं मिळून ४५ येतं, दुसऱ्याचा हप्ता ३० जातो. तिसरं घेतलं तर भाडं २० आणि हप्ता ३५. घरखर्च नवऱ्याच्या पगारात भागतो, ओढाताण नाही.

मंगळवारी काय झालं ते सांगते म्हणजे हे सगळं आत्ता का सुचतंय ते कळेल. रिव्ह्यू मीटिंग चालू होती, फोन मांडीवर थरथरत होता, प्लंबर विचारतोय मेन व्हॉल्व्ह कुठंय, खाली पाणी उतरतंय. मी टेबलाखाली टाईप करतेय "गॅलरीतल्या कपाटाच्या मागे", आणि त्याच सेकंदाला मॅनेजरने माझं नाव घेतलं. काय विचारलं ते ऐकलंच नव्हतं. व्हॉल्व्ह पण प्लंबरला सापडला नाही, खालच्यांचं छत भिजलं. दोन्हीकडे मी अर्धीच आहे असं वाटायला लागलंय. म्हणून विचारते, सोडून द्यावी का नोकरी आणि हेच नीट करावं का? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लिहा.

निवांत
वाचतेय. माझ्याकडे एकच घर आहे पण प्रश्न हाच आहे.

शेवटचा_जिना
ताई, मी ६ वर्षांपूर्वी सोडली आणि मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही, तेव्हा माझं मत सोडा असंच आहे. पण कशासाठी सोडता ते आधी नक्की करा. नुसतं भाडं गोळा करायला पूर्णवेळ माणूस लागत नाही, दोन घरांना तर नाहीच नाही. मी पडीक घरं घेतो, ज्याला कोणी हात लावत नाही अशी, ओल आलेली, वायरिंग गेलेली. ती दुरुस्त करायची, मग भाड्याने द्यायची किंवा विकायची. सकाळी ८ ला साईटवर उभा असतो. मिस्त्री माझ्यासमोर टाईल बसवतो म्हणून ती नीट बसते. नोकरीत असताना हे शनिवार रविवार करून बघितलं, प्रत्येक कामाला दुप्पट दिवस लागले आणि दोनदा तोडून परत करावं लागलं. असं काम करायची इच्छा असेल तर बिनधास्त सोडा.

कर्जखिडकी
मी १२ वर्षं कर्ज विभागात काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून कसं दिसतं ते लिहितो.

तुमचा पगार म्हणजे नुसते दरमहाचे १०० नाहीत. त्या पगाराच्या जोरावर तुम्हाला कर्ज मिळतं. पगारदार माणूस आला की पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट बघायचं, सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या साधारण निम्म्याच्या आत बसतात का ते बघायचं, विषय संपला. तोच माणूस राजीनामा देऊन आला की तो स्वतंत्र व्यावसायिक होतो, मग बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांचे हिशेब मागतात. भाड्याचं उत्पन्न दाखवलंत तरी ते पूर्ण धरत नाहीत, त्यातला काही भाग कापूनच धरतात, कारण घर रिकामं राहू शकतं हे बँकेलाही माहीत असतं. म्हणजे सोडल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं नवीन कर्ज विसरा.

आणि एक. "आधी कर्ज मंजूर करून घे मग राजीनामा टाक" असा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देणार. तो घेऊ नका. कामात बदल झाला तर कळवायचं असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं, लोक सही करताना वाचत नाहीत.

शेवटचा_जिना
कर्जखिडकी, १०० टक्के खरं. सोडल्यावर पाचवं घर घ्यायला गेलो, दोन ठिकाणी नाही म्हणाले. आदल्या वर्षी त्याच लोकांनी स्वतःहून फोन करून वाढीव कर्ज देऊ केलं होतं. शेवटी एक घर विकून पुढचं घेतलं.

वजाबाकी
ताईंनी आकडे दिलेत ते फार बरं केलं, नाहीतर अशा चर्चा हवेतच राहतात. कागदावर मांडून बघितलं.

भाडं ४५ हे बाराही महिने घर भरलेलं असेल तर. वर्षात १ महिना रिकामा धरला तर सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे ३.७५. दुरुस्ती, रंग, मेंटेनन्स, हे भाड्याच्या १० टक्के धरूया, हा माझा अंदाज, तुमचा जास्तही असेल. ते ४.५. उरले ३६.७५, त्यातून हप्ता ३० गेला की हातात पावणेसात. आता तिसरं घर. भाडं २०, तशीच कपात केली की सव्वासोळा उरतात आणि हप्ता ३५. तिथे दरमहा पावणेएकोणीसचा खड्डा. दोन्ही मिळवलं तर महिन्याला १२ खिशातून. कर अजून धरलेलाच नाही.

पगार असेल तर हे १२ जाणवणारही नाहीत. पगार नसेल तर नवऱ्याच्या पगारातून जाणार, म्हणजे मग तो निर्णय दोघांचा आहे.

दुसरं, ५ वर्षं हप्ते भरलेत म्हणून कर्ज पाव फिटलं असं वाटत असेल तर स्टेटमेंट उघडून बघा. ९ टक्क्याने २० वर्षांच्या कर्जात ५ वर्षांनी १०० मधले ८८.७ शिल्लक असतात. अर्धी मुदत संपली, म्हणजे १० वर्षं झाली, तरी ७१ शिल्लक. तुमच्या ३० च्या हप्त्यातले आजही २२ व्याजात जातायत.

दुसरी_चावी
बाप रे. ऑफिसमधूनच लिहितेय. आत्ता स्टेटमेंट बघितलं, मूळचं ८८ टक्के बाकी दाखवतंय. दर महिन्याला हप्ता कापल्याचा मेसेज येतो त्यामुळे मला वाटत होतं बरंच उरकलंय.

टेबललॅम्प
सगळेजण नोकरी म्हणजे खात्री असं धरून का चाललेत? गेल्या वर्षी एका कॉलवर आमची १४ जणांची टीम गेली. २२ मिनिटांचा कॉल, त्यातली पहिली ५ मिनिटं आवाज येतोय का विचारण्यात. माझ्याकडे एक कर्ज फिटलेलं घर होतं म्हणून ७ महिने तगलो. त्या ७ महिन्यांत पगाराने मला काही दिलं नाही, भाड्याने दिलं. माझ्या मते ज्याला नोकरी टिकवायचीय त्याने घरं घ्यावीतच, आणि ज्याच्याकडे घरं आहेत त्याने नोकरीला एवढं घाबरून राहू नये.

वजाबाकी
लॅम्प, तुमच्या पोस्टमधला महत्त्वाचा शब्द "कर्ज फिटलेलं" हा आहे. त्याच ७ महिन्यांत डोक्यावर ३५ चा हप्ता असता तर?

टेबललॅम्प
मान्य. तर विकायला काढलं असतं.

मीच_ती
टेबललॅम्प, ते "विकायला काढलं असतं" मी केलंय, म्हणून लिहिते. हे मी कुठे लिहिलेलं नाही आजपर्यंत.

४ वर्षांपूर्वी नोकरी सोडली. तीन घरं होती, दोघांवर कर्ज. गणित अगदी दुसरी_चावी यांच्यासारखंच, भाड्यातून हप्ते जातील आणि थोडं उरेल. आठ महिने सुरळीत गेले. मग एकाच महिन्यात दोन भाडेकरू गेले. एकाची बदली झाली, दुसऱ्याने स्वतःचं घर घेतलं, भांडण नाही काही नाही, दोघंही चांगली माणसं. पण दोन घरं रिकामी आणि हप्ते तारखेला हजर. तीन महिने साठवणीतून भरले. चौथ्या महिन्यात एक घर विकायला काढलं.

घेणारा माणूस घर बघायला आला तेव्हा मी सगळी दारं-खिडक्या पुसून ठेवल्या होत्या. त्याने घर नीट बघितलंच नाही. त्याने विचारलं, "व्यवहार किती दिवसांत हवाय?" मी म्हटलं, "लवकर झाला तर बरं." त्या एका वाक्याने भाव पडला. समोरच्याला आपली नड लगेच कळते हो. दोन वर्षं थांबू शकले असते तर तेच घर बऱ्याच चांगल्या किमतीला गेलं असतं. शेजारचं गेलंच.

आता परत नोकरीत आहे, दोन घरं शिल्लक आहेत. नोकरी आवडते असं नाही, पण आता भाव सांगताना माझा आवाज कापत नाही.

निवांत
मीच_ती, वाचून पोटात कालवलं. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

शेवटचा_जिना
मीच_ती ताई, वाईट वाटलं. पण माझ्या मते नोकरी सोडण्यात चूक नव्हती. गंगाजळी कमी पडली. मी सोडली तेव्हा सगळ्या घरांचे मिळून १२ महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात होते. आणि भाव काय, आज ना उद्या वाढतातच, थांबता आलं पाहिजे.

वजाबाकी
जिनादादा, तुमच्या अनुभवाला मान आहे पण "वाढतातच" हे वाक्य मला पटत नाही. जपानमध्ये १९९१ च्या आसपास जमिनीचे भाव उतरायला लागले ते दशकाहून जास्त काळ उतरतच राहिले. अमेरिकेत २००६ नंतर घरांच्या किमती देशभराच्या सरासरीने पाव हिश्शाहून जास्त पडल्या, आणि त्यातूनच पुढे २००८ चं संकट आलं. हे दोन्ही देश काही छोटे नाहीत.

आणि कर्ज काढून घेतलं की पडझड मोठी होऊन दिसते. २० आपले, ८० बँकेचे घालून १०० चं घर घेतलं आणि भाव १० टक्के पडला, तर बँकेचे ८० तसेच राहतात, आपले २० चे १० होतात. निम्मे गेले. वाढताना पण असंच पाचपट वाढतं, म्हणून तर सगळे खूश असतात.

शेवटचा_जिना
मी पडीक घर घेतो त्यामुळे घेतानाच भावात मोकळीक असते, बाजाराच्या वाढीवर बसून नसतो. पण तुमचा मुद्दा घेतला. "वाढतातच" हा शब्द मागे घेतो.

उन्हाळी_पाऊस
किती समजूतदार भांडताय रे, बघून बरं वाटलं :)

कौलारू
अवांतर विचारते, तुम्ही सगळे चाव्या कशा ठेवता? माझ्याकडे तीन घरांच्या मिळून १७ चाव्या झाल्यात, त्यातल्या ४ कशाच्या आहेत कोणालाच माहीत नाही, भाडेकरूलाही नाही.

उन्हाळी_पाऊस
त्या ४ चौथ्या घराच्या असणार, शोधा शोधा, सापडलं तर हप्ता नाही!

जुनाखांब
कौलारू, चावीच्या डोक्याला नेलपॉलिशचा ठिपका द्या. एका घराचा एक रंग. माझी बायको गेली २० वर्षं हेच करते. आणि नवीन भाडेकरू आला की मुख्य दाराचं लॅच बदलायचंच, त्यात काटकसर नको.

आता विषयावर. मी पूर्ण २७ वर्षं नोकरी केली आणि त्यात चार घरं उभी केली, चारही फिटलेली. आज निवृत्त आहे, भाड्यावर आरामात चालतं. लोक म्हणतात आदर्श केलंत. पण खरं सांगतो, त्यातली किमान ८ वर्षं मी गरज नसताना नोकरी केली. दोन घरं फिटली होती, खर्च भागत होता, तरी "अजून एक" म्हणून थांबलो. त्या वर्षांत मुलगी कॉलेजला गेली, तिच्याशी माझं बोलणं फोनवर दोन मिनिटं. आता वेळ आहे तर तिला नाही. तेव्हा इथे सगळे नोकरी सोडण्याचा धोका मोजतायत ते योग्यच आहे, पण न सोडण्याचीही किंमत असते आणि ती कुठल्याच स्टेटमेंटवर येत नाही.

मीच_ती
खांबकाका, हे वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

दुसरी_चावी
काका, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. तुमचं हे काल रात्री नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

उन्हाळी_पाऊस
मला एक विचारायचंय ताई, रागावू नका. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये घरांचा त्रास लिहिलाय तो पाण्याचा, एका मंगळवारचा. आकडे सोडले तर बाकी प्रश्न नोकरी सोडण्याचाच आहे. तुम्हाला घरांसाठी वेळ हवाय की नोकरी नकोशी झालीय? कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वेळ हवा असेल तर भाड्याचा काही हिस्सा देऊन घरं सांभाळणारा माणूस ठेवता येतो. नोकरी नकोशी असेल तर नोकरी बदला. घर घेऊन नोकरीचा कंटाळा कसा जाईल?

एक करून बघा. महिनाभर वही ठेवा आणि घरांच्या कामात किती वेळ गेला ते मिनिटांत लिहा. फोन, मेसेज, चकरा, सगळं.

टेबललॅम्प
+१. हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता.

कर्जखिडकी
वही मस्त. त्यात अजून एक पान जोडा, व्याजदर वाढला तर काय. तुमचा दर बदलता असेल तर ९ चा १० झाल्यावर बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, म्हणून कळतच नाही. वजाबाकी, तुम्ही काढून देता का?

वजाबाकी
काढलं. २० वर्षांचं नवीन कर्ज, दर ९, हप्ता तोच ठेवला. सुरुवातीलाच दर १० झाला तर मुदत २० वर्षांवरून २६ वर्षांवर जाते. फक्त एका टक्क्याने ६ वर्षं! आणि ११ झाला तर कर्ज फिटतच नाही, कारण महिन्याचं व्याजच हप्त्यापेक्षा जास्त होतं, मग हप्ता वाढवावाच लागतो. हे अशक्य कोटीतलं नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, मार्च २०२२ ते जुलै २०२३ या दीड वर्षाच्या आत दर जवळपास शून्यावरून सव्वापाच-साडेपाचवर नेला. ताईंच्या तिसऱ्या घराचं कर्ज नवीन असणार, त्यामुळे तिथे हे गणित जसंच्या तसं लागू.

कौलारू
माझं स्टेटमेंट बघायची हिंमत होत नाहीये. रविवारी बघते.

कौलारू
बघितलं. मुदत ४ वर्षं वाढलीय आणि मला माहीतच नव्हतं. सोमवारी बँकेत जाऊन हप्ता वाढवून घेतेय. वजाबाकी, कर्जखिडकी, दोघांचे आभार. चाव्यांवर ठिपके पण देऊन झाले.

दुसरी_चावी
पाच आठवड्यांनी लिहितेय, वही पूर्ण केली म्हणून.

महिन्याभरात घरांच्या कामाचे एकूण ११ तास १० मिनिटं. त्यातले साडेसहा त्या एका गळतीचे, खालच्यांचं छत रंगवून दिलं ते धरून. उरलेले पावणेपाच तास म्हणजे महिन्यात एक रविवारची सकाळ. उन्हाळी_पाऊस, तुम्ही विचारलंत तेव्हा खरं तर राग आला होता. पण वहीत लिहायला काहीच नाही असे सलग नऊ-नऊ दिवस गेले तेव्हा कबूल करावं लागलं की मला घरांनी दमवलेलं नाही.

मग नवऱ्याबरोबर बसून वजाबाकींचा हिशेब परत केला, आमच्या खऱ्या आकड्यांनी. दुरुस्ती १० टक्के नाही, गेल्या तीन वर्षांची सरासरी १३ निघाली. तिसरं घर घेत नाही आहोत. मालकाला काल फोन करून सांगितलं, त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, त्या घराची पूर्वेची खिडकी माझ्या मनात भरली होती. तिसऱ्या घरासाठी जे बाजूला ठेवले होते त्यातले १२ महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकले, जिनादादा म्हणतात तसे. बाकीचे दुसऱ्या घराच्या कर्जात भरले आणि मुदत कमी करून घेतली.

नोकरी सोडलेली नाही. पण ऑफिसात बोलले, आठवड्यातून चार दिवस आणि त्या मानाने कमी पगार. मॅनेजरने लगेच हो म्हटलं नाही, वर विचारतो म्हणाला. नाही म्हणाले तर दुसरीकडे शोधणार हे मात्र ठरलंय, त्यासाठी बायोडाटा १५ वर्षांनी पहिल्यांदा उघडला.

कर्जखिडकी
मुदत कमी केलीत ते उत्तम. नवीन वेळापत्रक लेखी मागून घ्या, नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका.

शेवटचा_जिना
छान निर्णय. पुढे कधी पडीक घर बघावंसं वाटलं तर कळवा, मी बरोबर येऊन भिंती ठोकून बघतो.

जुनाखांब
पाचव्या दिवशी काय करणार?

दुसरी_चावी
काका, तो दिवस मिळाला तर बुधवार मागितलाय. त्या दिवशी मुलाची शाळा दुपारी एकला सुटते. आणि जिनादादा, नक्की कळवेन. हो, एक राहिलंच. दोन्ही घरांच्या मेन व्हॉल्व्हचे फोटो काढून प्रिंट केले आणि सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. प्लंबरचा नंबर पण त्याच कागदावर.